ज्वारी आणि जवारी

परभणीकडं बोलण्यात ज्वारीला जवारीच म्हणतात. मिरजेत मात्र हा शब्द कानावर पडला की माणसाला भाकरी आठवत नाही, तंबोरा आठवतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं इतका अलगद उतरवायचा की तार त्यावर टेकतेही आणि सुटतेही; त्या टेकण्या-सुटण्यातून उठणारा भरीव, रेंगाळणारा नाद म्हणजे जवारी. मिरजेत तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारं घडवणारी, त्यांना धार लावून उजळणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांची मागणी आटत गेली, तेव्हा पटवर्धनांच्या या संस्थानात फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडं वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बंदुकीला घोडा असतो, तंबोऱ्याला घोडी असते. शिकलगारांच्या हाताला दोन्हींची ओळख होती. हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल, पण केप लावून बार काढायच्या हत्यारांची जुळवणी ज्यानं केली आहे त्याला तो खेळ वाटणार नाही. जुन्या सहाबारी पिस्तुलांच्या ज्या प्रतिकृती आज नव्यानं घडवल्या जातात, त्यांच्यावरचं काम हे जवारी काढण्याच्या जातीचं आहे. नक्कल आकारानं अर्धीच होते. उरलेली अर्धी होते ती एक भाग दुसऱ्यावर कसा बसतो यातून, आणि ती कारखान्यातून सहसा येत नाही. ती हातानं पुरी करावी लागते. आणि त्या हाताची परीक्षा त्यानं किती पोलाद काढलं यावर होत नाही, किती काढायचं टाळलं यावर होते.

केपाच्या हत्याराचं तत्त्व कळायला दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल पुरे. चाप ओढला, घोडा पडला, टिकली वाजली. टिकलीच्या जागी तांब्याची इवलीशी टोपी घाला. तिच्या पोटात आघातानं पेटणारं रसायन असतं. ती टोपी, म्हणजे केप, ज्या बारीक पोकळ निपलावर बसते, त्यातून ज्वाळा आत ठासलेल्या काळ्या दारूपर्यंत पोचते आणि बार होतो. त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकीला, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूला, लावावी लागे, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीनं ठिणगी पाडावी लागे. वारा सुटला की रंजक उडून जाई, पावसाचा शिडकावा झाला की भिजे, आणि आतली दारू तशीच राही. फुसका बार म्हणजे काय, हे त्या काळच्या शिपायाला समजावून सांगावं लागत नसे. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं आघातानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत तांब्याची केप आली. आपल्या भागाला हे सगळं परकं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठीच्या परवान्याचा विचार करताना ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. रानडुकरं आणि रोही उभ्या पिकात उतरतात त्या शिवारात ही बंदूक हत्यार म्हणून कमी आणि आवाज म्हणून जास्त कामाची. बंदूक हाती आहे म्हणून जनावर मारण्याची मोकळीक १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ठेवलेली नाही. पण तिची कळ, म्हणजे घोडा, चाप, कमान आणि निपल यांचा मेळ, हाच सहाबारी पिस्तुलाचाही पाया आहे. फरक एवढाच की ठासणीच्या बंदुकीत हे नातं एकदाच जुळवायचं असतं. सहाबारीत ते सहा घरांशी, म्हणजे दारू-गोळी भरायच्या सहा कप्प्यांशी, जुळवायचं, आणि तेही फिरत्या सिलिंडरवर.

सॅम्युअल कोल्टनं अमेरिकेत १८३६ साली फिरत्या सिलिंडरचं पेटंट घेतलं. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची पिस्तुलं आणि इंग्रज रॉबर्ट ॲडम्सचं पिस्तूल एकाच वेळी लोकांसमोर आलं आणि वाद पेटला. कोल्टचा घोडा दर बाराला अंगठ्यानं चढवावा लागे. ॲडम्सचा चाप ओढला की घोडा आपोआप चढून पडे. सहा वर्षांनी तो वाद हिंदुस्थानच्या मैदानात आला. इंग्रज अधिकारी तेव्हा आपलं पिस्तूल स्वतःच्या पैशानं विकत घेत, त्यामुळं १८५७-५८ च्या धुमाळीत दोन्ही घडणी इथं वापरल्या गेल्या. आपल्या जिल्ह्याचाही त्या इतिहासाशी धागा आहे. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, आणि हिंगोलीला निजामाच्या खर्चानं पोसलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. या कंटिन्जंटच्या तुकड्या सर ह्यू रोजच्या मोहिमेत मध्य हिंदुस्थानात लढल्या. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला केपाची सहाबारी असणार, हा तर्क धाडसाचा नाही. म्हणजे परभणीच्या माणसानं या हत्याराचा विचार करणं ही अमेरिकेच्या चित्रपटांची उसनवारी नाही. पीक राखणारी ठासणीची बंदूक आणि छावणीतली सहाबारी ही एकाच केपावर वाजणारी दोन भावंडं आहेत.

प्रतिकृतींचा धंदा मात्र बराच अलीकडचा. अमेरिकेच्या यादवी युद्धाची शंभरी १९६१ साली भरत आली, तेव्हा जुन्या पिस्तुलांची हौस वाढली आणि अस्सल नग हाताळायला फार मोलाचे होऊन बसले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉर्जेट या अमेरिकी व्यापाऱ्यानं इटलीतल्या ब्रेशा प्रांतातल्या कारागिरांकडून कोल्टच्या नेव्ही पिस्तुलाच्या प्रती करून घेतल्या. तिथलं गार्दोने हे गाव शतकानुशतकं बंदुका घडवणारं. उबर्ती, पिएत्ता ही आज संग्राहकांच्या तोंडी असलेली नावं त्याच प्रांतातली. या प्रतींचं रूप पाहिलं तर दाद द्यावी लागते. १८५१ च्या कोल्ट नेव्हीच्या सिलिंडरवर १६ मे १८४३ ची कांपेचेची आरमारी लढाई कोरलेली असे. प्रतीच्या सिलिंडरवरही तीच गलबतं आहेत. आठ पैलूंची नळी तशीच, पितळी पट्टीची वळणं तशीच, अक्रोडाचा दस्ता तसाच. नगावरच्या इटालियन तपासणीच्या चौकटीतली अक्षरं बनावटीचं वर्ष सांगतात, एवढाच वरवरचा फरक. संग्रह करणारा इथंच थांबला तर त्याच्याकडं चित्रांचा संग्रह होतो. घोडा चढवला की मग खरी नक्कल सुरू होते, आणि बहुधा तिथंच ती अडखळते.

पहिला पुरावा पाचरीचा. कोल्टच्या या घडणीत सिलिंडरच्या डोक्यावर पट्टी नसते. सिलिंडर ज्या कण्यावर फिरतो तो कणा मागच्या सांगाड्यात पक्का रोवलेला. समोरून नळीचा ठोकळा त्या कण्यावर सरकवायचा आणि दोघांना भेदून आडवी पाचर मारायची. औताला पाचर मारणाऱ्या सुताराला हे समजवावं लागत नाही: पाचर घट्ट राहते ती समोरचं लाकूड तळाला टेकलेलं असेल तरच. अस्सल पिस्तुलात कण्याचं टोक नळीच्या ठोकळ्यातल्या भोकाच्या तळाला टेकलेलं असे. कित्येक प्रतिकृतींत ते किंचित आखूड पडतं. दिसायला काहीच कळत नाही. पण मग पाचर जितकी आत जाईल तितकी नळी मागं ओढली जाते. खालचा भाग सांगाड्याला टेकून थांबतो आणि वरचा भाग सिलिंडरकडं झुकतो. एकदा पाचर जोरात मारली तर सिलिंडर घासून अडकतो, दुसऱ्यांदा हलकी मारली तर फट वाढून ज्वाळा बाजूला फुटते. प्रत्येक वेळी उघडून जोडलं की पिस्तूल वेगळं. याचा इलाज पाचर बदलणं नाही, नळी कापणं तर मुळीच नाही. भोकाच्या तळाशी पोलादाची बारीक चकती ठेवायची आणि ती हळूहळू घासत आणायची, इतकी की कणा टेकावा आणि सिलिंडर-नळीतली फट कागदाच्या एका जाडीइतकी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहावी. लक्षात घ्या, इथं पिस्तुलातून काही काढलेलं नाही. हरवलेलं टेकणं परत दिलं आहे. घोडीवर तार टेकते कशी, हाच प्रश्न पोलादात विचारला आहे.

दुसरा पुरावा वेळेचा. घोडा मागं ओढताना आत तीन कामं एका ओळीत होतात. खालची खिट्टी आधी खाली सरकून सिलिंडर मोकळा करते. मग घोड्याला जोडलेला पंजा सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलून पुढचं घर नळीसमोर आणतो. शेवटी खिट्टी पुन्हा वर उसळून सिलिंडरच्या खाचेत बसते, आणि घोडा चढून चापाच्या टोकावर विसावतो. ही खिट्टी खाचेच्या जरा आधीच्या कोरीव उतारावर यावी, अशी मूळ योजना. ती लवकर उसळली तर सिलिंडरच्या अंगावर सगळीकडून गोल ओरखडा उठतो. संग्राहक त्या ओरखड्यावरूनच नगाची पारख करतो. उशिरा उसळली तर सिलिंडर खाच ओलांडून पुढं जातो. पंजा लांब असेल तर सिलिंडर आधी बसतो आणि घोडा अजून चढायचाच असतो, मग सगळा ताण त्या इवल्या पंजावर आणि खिट्टीवर येतो. पंजा आखूड असेल तर घोडा चढलेला आणि घर मात्र नळीसमोर पुरतं आलेलं नाही, ही सगळ्यांत वाईट गत. लांब पंजा कानशीनं उतरवता येतो. आखूड झालेला पंजा कानशीनं वाढत नाही. म्हणून या कामात रीत अशी की आधी काजळी लावून कुठं घासतं ते पाहायचं, मग ऐकायचं. खिट्टी बसल्याचा आणि घोडा चढल्याचा आवाज सुरुवातीला दोन वेगळे टिचके म्हणून येतात. जुळणी होत जाते तसे ते जवळ येतात आणि शेवटी कानाला एकच ऐकू येतो. मोजपट्टीनं हे काम होत नाही असं नाही, पण मोजपट्टी प्रत्येक भाग सुटा मोजते, आणि बिघाड भागात नसतो, दोन भागांच्या भेटीत असतो.

तिसरा पुरावा त्या गैरसमजाविरुद्ध आहे, ज्यामुळं सगळ्यात जास्त पिस्तुलं बिघडतात. हलकं म्हणजे चांगलं, असा तो समज. नवशिक्याला घोड्याची कमान कडक वाटते; तो ती घासून पातळ करतो, घोडा लोण्यासारखा चढू लागतो आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण केपाच्या पिस्तुलात कमानीची दोन कामं आहेत. केप फोडणं हे पहिलं. बार होताना निपलाच्या बारीक भोकातून मागं उलटणाऱ्या दाबाविरुद्ध घोडा जागच्या जागी धरून ठेवणं हे दुसरं. कमान पातळ झाली की हा दाब घोड्याला उचलतो, फाटलेली केप सुटते आणि तिचे तुकडे घोड्याच्या खाचेत पडून कळ अडवतात. एक केप वाजली नाही तर फुसका बार. एक तुकडा आत पडला तर सगळं हत्यारच बंद. निपलाचं भोक झिजून मोठं झालं असेल किंवा केप निपलावर सैल बसत असेल तर हा त्रास आणखी वाढतो. म्हणून शहाणा हात आधी केप आणि निपल यांचा मेळ पाहतो, मग घोड्याचा माथा केपवर सपाट पडतो की तिरपा ते पाहतो, आणि कमानीला शेवटी, तेही भीतभीत, हात लावतो. पीक राखणाऱ्या ठासणीच्या बंदुकीतही हाच क्रम. तंबोऱ्यातही जवारी काढताना तार सैल करून भागत नाही. तार स्वरात असावी लागते, मग घोडी घासायची. ताण हा दोष नव्हे. ताण कुठं टेकतो, ते जुळवायचं असतं.

चौथी गोष्ट शिशाची, आणि तिथं कानस किती थांबावी याचा खरा कस लागतो. या पिस्तुलात मऊ शिशाची गोल गोळी घराच्या तोंडापेक्षा थोडी मोठी घेतात. दाबदांड्यानं ती आत दाबली की शिशाची बारीक कडी कापली जाऊन बाहेर पडते. ती कडी म्हणजे गोळी घराला चारी बाजूंनी चिकटल्याची ग्वाही; ती नसेल तर एका घराची ज्वाळा शेजारच्या घरात शिरण्याचा धोका असतो. पण घरच नळीच्या आटेदार खाचांपेक्षा अरुंद असेल, आणि बऱ्याच प्रतिकृतींत ते असतं, तर गोळी नळीत सैल जाते आणि नेम पसरतो. घरं रुंद करणं हा इलाज आहे, पण तो परतीचा नाही. शिवाय सहाही घरं सारखी व्हायला हवीत. ज्यानं नेम पसरण्याची बाकीची सगळी कारणं आधी तपासली नाहीत, त्यानं हे करू नये. आणि मग काजळीचा प्रश्न. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक ऐवज धूर होऊन उडत नाही, घट्ट राखेसारखा मागं राहतो. दहा-बारा बारांत सिलिंडर कण्यावर जड फिरू लागतो. म्हणून कोल्टच्या कण्यावर वंगण धरून ठेवणाऱ्या खाचा असत. रेमिंग्टन या दुसऱ्या घडणीच्या, डोक्यावर पट्टी असलेल्या मजबूत सांगाड्यात कणा बारीक आणि गुळगुळीत, त्यामुळं ते पिस्तूल ताकदीला सरस पण काजळीला लवकर अडणारं. वंगण ही इथं चैन नाही. १८५७ च्या काडतुसांना चरबी लावली जात होती ती याच काळ्या दारूच्या नळीसाठी, आणि पुढं शिपायांना आपल्या पसंतीचं मेण-तेल लावण्याची मुभा द्यावी लागली. परभणीच्या हवेत ही राख दोन तऱ्हांनी वागते. मेच्या कोरड्या उन्हात ती कडक पापुद्रा होते. मृगाचा पाऊस लागला की ती हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत पोलादाला गंज चढवते. उपाय गरम पाणी, कारण ही राख पाण्यात विरघळते. मग पुसून, वाळवून तेल. तेलही पाहून घ्यावं. करडईचं तेल मराठवाड्यात मुबलक आहे, पण ते हवेत वाळून चिकट थर धरतं. रंगात वापरतात ते त्याच गुणासाठी. भाजीला उत्तम, कळीच्या आत मात्र शत्रू.

इथवर आल्यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्रयुगाचा. कारखाना हजारो नग एकाच मापानं कापतो, तिथं कानस घेऊन बसलेल्या माणसानं शहाणपणा का करावा? उत्तर खुद्द कोल्टच्या पिस्तुलात आहे. हार्टफर्डचा त्याचा कारखाना भाग अदलाबदल करता येण्याच्या पद्धतीचा नमुना म्हणून जगभर गाजला. तरी त्या पिस्तुलाचा सांगाडा, नळी, सिलिंडर, पितळी पट्टी आणि अगदी पाचरीवरही एकच अनुक्रमांक ठोकलेला असे. कुठलाही भाग कुठंही बसत असता तर पाचरीवर आकडा कशाला? कारण यंत्रावरून उतरल्यावर तिथला कारागीर भाग घासून एकमेकांत बसवत असे, आणि एकदा जमलेला संसार पुन्हा विस्कटू नये म्हणून त्यावर आकडा पडे. आजची यंत्रं त्या काळापेक्षा कितीतरी नेमकी आहेत, हे खरं. पण प्रत्येक भागाला थोडी सूट द्यावीच लागते, आणि पाच भागांच्या पाच सुटी एकाच बाजूला जमल्या की पंजा आखूड पडतो. मूळ पिस्तुलात या सुटी शेवटी माणूस फेडत असे. प्रतिकृतीच्या किमतीत तो माणूस बसत नाही. ते काम विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणजे जुळवणी करणारा कारखान्याच्या वर जात नाही. कारखान्यानं मूळ पद्धतीतली जी शेवटची पायरी गाळली, ती तो भरून काढतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनं येतो. बदल केल्यावर ती नक्कल राहिली कुठं? आणि असल हवंच असेल तर असलच का घेऊ नये? या आक्षेपात दम आहे, म्हणून रेषा नीट ओढायला हवी. कण्याला चकती देणं, खिट्टीची वेळ साधणं, निपल आणि केप जुळवणं ही कामं मूळ घडणीकडं परत नेतात. चाप केसासारखा हलका करणं, आधुनिक कमानी भरणं, दिसण्यासाठी पोलाद घासून चकाकवणं ही कामं मूळ घडणीपासून दूर नेतात, आणि ती माझ्या लेखी जुळवणीत मोडत नाहीत. असलाबद्दल म्हणायचं तर दीडशे वर्षं जुन्या पिस्तुलाच्या खिट्टीवर कानस चालवणं म्हणजे हस्तलिखिताच्या समासात आपली दुरुस्ती लिहिणं. त्यावरची झीज, जुन्या कारागिराच्या कानशीची रेघ, हा पुरावा आहे. तो पुसला की परत येत नाही. प्रतिकृती ही त्या असलाची ढाल आहे. ज्या चुका करायच्या त्या तिच्यावर कराव्यात. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांतही असल आणि प्रतिकृती वेगवेगळ्या वर्गांत खेळवतात. त्यात तेरा बार अर्ध्या तासात काढायचे आणि उत्तम दहा मोजायचे. इतका निवांत वेळ दिल्यावर तिथं झपाटा कामाचा नाही, प्रत्येक बार आधीच्या बारासारखा असणं कामाचं. अमेरिकेत अशा प्रतिकृतींना १९६८ च्या संघीय कायद्यानं पुराण हत्यारात काढलं, म्हणून तिथं भिंतभर संग्रह होतात. आपल्याकडं तशी सूट नाही. बार काढू शकणारं सहाबारी हे सहाबारीच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून इथल्या माणसाचा संग्रह संख्येनं मोठा होऊ शकत नाही. मला ही उणीव वाटत नाही. दोन नग नीट ऐकता येतात. वीस नग नुसते पाहिले जातात.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि त्याला पुरतं उत्तर देता येतं असं मी म्हणणार नाही. हे हत्यार आहे. ते माणूस मारायला घडवलं गेलं, त्यानं मारलंही; त्यात सौंदर्य शोधणं म्हणजे काय? एवढं खरं की केपाच्या पिस्तुलाचा युद्धातला काळ संपून दीड शतक होत आलं, आणि एकेक घर भरायला लागणारा वेळ पाहता त्याकडं आज घड्याळासारखं पाहता येतं. तरी गोळी ही गोळीच, आणि घड्याळ बिघडलं तर कुणाच्या डोळ्याला इजा होत नाही. म्हणूनच कायद्याची चौकट हा या कलेला अडसर नाही, तो तिचा पहिला पाठ आहे. शस्त्र अधिनियमाचं कलम ५ हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना मागतं, आणि कलम ६ खेळण्यातल्या नकलेला परवान्याशिवाय खरं हत्यार करायला मनाई करतं. इथं लिहिलेली कामं परवान्यातल्या हत्याराची आणि परवाना असलेल्या हाताची आहेत, हे वेगळं सांगायला नको. शिवाय न जुळलेलं हत्यार जुळलेल्यापेक्षा अधिक धोकादायक असतं. वेळ चुकलेली खिट्टी, तिरपा पडणारा घोडा, सैल केप हे नेम चुकण्याचे दोष नंतर, धरणाऱ्याच्या हाताला इजा करण्याचे दोष आधी. हे उत्तर पुरेसं नाही असं कुणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही. मिरजेच्या शिकलगारांनी या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर दिलं आहे: त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि हात तसाच ठेवला.

पण हात तसाच ठेवायचा तर त्याला सराव लागतो, आणि इथं माझा मुद्दा पुरा होतो. कलम ४५ जुन्या, कालबाह्य हत्याराला कायद्यातून सूट देतं, पण एका अटीवर: दुरुस्त करूनही त्यातून बार निघू नये. कायद्याच्या दृष्टीनं हे अगदी रास्त आहे. त्याचा एक परिणाम मात्र कुणी ठरवून केलेला नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेआड हत्याराचं लोखंड टिकतं, नक्षी टिकते, दस्त्यावरचं कोरीव काम टिकतं. एक भाग दुसऱ्यावर कसा बसत होता, ते मात्र काचेतून दिसत नाही. ते वापरातल्या वस्तूतच राहतं आणि ती वस्तू जुळवणाऱ्याच्या हाताबरोबर जातं. आवाज करायला आता फटाके आहेत, पिकाला तारेचं कुंपण आहे. ठासणीची बंदूक मागं पडली तर तिचं कुणाला फार वाईट वाटायचं कारण नाही. पण तिच्या कळीत घोडा, कमान आणि निपल कसे एकमेकांना सांभाळतात याची जाण तिच्याबरोबर गेली, तर पुढच्या पिढीला ती पुस्तकातून परत मिळणार नाही. नवी, अर्धवट बसलेली, चुकायला मुभा देणारी प्रतिकृती ही त्या जाणिवेची शाळा आहे. तिच्यावर जे शिकायचं ते नेमबाजीपेक्षा मोठं आहे: आधी ऐकणं, मग खूण पाहणं, मग सगळ्यात शेवटी घासणं. ज्वारी राखायच्या बंदुकीला आणि तंबोऱ्याच्या जवारीला कानस एकच लागते. ती थांबवायची कधी, हे दोन्हीकडं कानच सांगतो.